कुलपाला भेटून परतलेली गाडी

नाशिकच्या एका आरोग्य संस्थेने माझ्या टोळीतल्या यमुनाला फसवलं. तिला तपासलं, आत शंकेची जागा आहे असं सांगितलं, गाडी पाठवून दवाखान्यात नेऊ असा शब्द दिला, आणि नेलं नाही. संस्थेचं नाव मी लिहिलं होतं. संपादकांनी ते काढायला लावलं. काढलं. ज्यांचं आहे त्यांना वाचताना कळेलच.

मी द्राक्षबागेतली मुकादमीण. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यांवरून माणसं जमवायची, निफाड-दिंडोरीच्या बागांवर आणायची, बागायतदाराशी एकराचा भाव ठरवायचा आणि काम उतरवून द्यायचं, हा माझा धंदा. शहरातल्या माणसाला द्राक्ष म्हणजे बाजारातली पेटी. त्याच्या मागे छाटणी असते, काडीला पेस्ट लावणं असतं, नको ती फूट काढणं असतं, आणि सगळ्यात जिकिरीचं म्हणजे थिनिंग. घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. दिवसभर मान वर आणि हात त्याच्याही वर. हे काम बायकाच नीट करतात, आणि त्यांचा मुकादम मात्र बहुतेक पुरुष असतो. मीही आधी एका पुरुषाच्या टोळीत होते. मालकापुढे त्याचं तोंड उघडत नसे. माझं उघडत असे. पुढच्या हंगामाला बायका माझ्या मागे आल्या.

बागायतदारही एकेक नमुने. सायखेड्याकडचा एक जण भाव ठरवायला मला भर दुपारी बांधावर उभी करायचा. उन्हाने बाई वैतागेल आणि हो म्हणेल, असा त्याचा हिशेब. मी त्याच्याच सावलीत उभी राहायचे आणि तो सरकला की मीही सरकायचे. शेवटी तोच म्हणाला, "मुकादमीणबाई, चला, पडवीत बसून बोलू." पडवीत गेलो तिथंच मी जिंकले होते.

आमच्या धंद्यातली एक रीत इथंच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या रितीवर घडलं. बागेतून गाडी पाड्यावर आली म्हणजे काम आहे. गाडी आली नाही म्हणजे काम नाही. मालकाने दुसरी टोळी धरली असेल, नाहीतर बाग पावसाने गेली असेल. कुणी फोन करून कारण सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. बायका गाठोडं बांधून फाट्यावर बसतात, ऊन वर आलं की उठतात आणि घरी जाऊन भाकरी टाकतात. न आलेली गाडी हाच आमचा निरोप.

यमुना माझ्याच पाड्यावरची, माझ्याहून लहान. नवरा मासे पकडतो आणि गप्प बसतो, एवढंच त्याचं वर्णन. पोरी दोन, दोन्ही आश्रमशाळेत. थिनिंगला तिच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. कात्री चालवताना बडबड चालू, आणि तरी घडाला जखम नाही. मालकांच्या नकला करायची. बागायतदार अण्णांची तर अशी, की एकदा अण्णा मागे उभे राहून ऐकत होते आणि शेवटी त्यांनीच तिला चूक दाखवली, "मी खोकतो ते आधी, नंतर नाही."

या अण्णांच्या बागेत आम्ही थिनिंगला होतो तेव्हा संस्थेच्या मॅडम आल्या. बायकांच्या कॅन्सरची तपासणी, फुकट. गावातल्या बायका काही येईनात. गावाची गोष्ट, कोण कुणाला कुठे दिसेल याची लाज. मॅडमना शिबिर तर भरवायचं होतं. कुणीतरी सांगितलं, बागेत आदिवासी बायकांची टोळी आहे, मुकादमिणीला भेटा.

मी म्हटलं, "आमच्या बायका फुकटच्या साबणाच्या वडीला भुलून यायच्या नाहीत. माझ्या अटी आहेत."

त्या हसल्या. "सांगा ना."

"तपासायला बाईच पाहिजे. चहूबाजूंनी पडदा पाहिजे. काय निघालं ते ज्या बाईचं तिलाच, तिथंच, मराठीत सांगायचं. आणि कुणाचं काही निघालं तर तुमच्या गाडीने नाशकाला न्यायचं आणि आणून सोडायचं. आमची बाई एकटी सिव्हिलच्या दारात उभी राहिली तर शिपाईच तिला परत पाठवतो."

मॅडमनी चारही अटी मान्य केल्या. इतक्या लवकर मान्य केल्या की मला तिथंच शंका यायला हवी होती. समोरचा पहिल्या बोलीला हो म्हणाला तर तो देणारा नसतो, हे मी बागायतदारांकडून शिकलेले आहे. पण त्या बोलायला गोड होत्या आणि त्यांनी सगळ्या बायकांसमोर हात पुढे केला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग बायकांना राजी करायचं. ते मालकाला राजी करण्याहून कठीण. शरीराच्या त्या भागाबद्दल आम्ही एकमेकींशीही बोलत नाही. त्यात कॅन्सर हा शब्द. आमच्याकडे तो आजार म्हणून घेत नाहीत, निकाल म्हणून घेतात. नाशकाला नेलेलं माणूस गोधडीत परत आलेलं सगळ्यांनी पाहिलेलं, कारण नेलंच उशिरा जातं. एक म्हातारी म्हणाली, "नाय बघितलं तर नाय राहत. बघितलं की ऱ्हातं." कुणी हललं नाही.

तेव्हा यमुना उठली. "मी जाते पुढं. मला खाल्लं तर तुम्ही पळा."

सगळ्या हसल्या आणि तिच्या मागे रांग लागली. हे विसरायचं नाही. ती गेली म्हणून बाकीच्या गेल्या.

अण्णांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये पडदे लावले होते. तपासणी साधी असते. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावतात, थोडं थांबतात, आणि बॅटरीच्या उजेडात बघतात. तिथं पांढरा डाग उठला तर पुढे तपासायचं. वेळेवर सापडलं तर थंड वायूने तेवढी जागा गोठवून टाकतात आणि बाई संध्याकाळी घरी. हे मला डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं काही निघालं नाही. यमुनाला डाग होता. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "जरा मोठा आहे. घाबरू नका, पण लवकर या." आणि बायका संपल्यावर अगदी शेवटी अण्णांच्या घरच्या काकू पदर घट्ट धरून आल्या. त्यांनाही डाग होता.

डाग तसाच होता. शेड तीच, टेबल तेच, बघणारी बाई तीच.

काकूंना दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलाने गाडी काढली, नाशकाला नेलं, संध्याकाळी काकू ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मला म्हणाल्या, "काही नाही गं हिरा, थंडगार लागतं एवढंच. उगाच भ्यायले."

यमुनाला सांगितलं होतं, सोमवारी गाडी येईल. ती तिचं हळदीच्या रंगाचं ठेवणीतलं लुगडं नेसून बागेच्या फाट्यावर उभी राहिली. पिशवीत टॉवेल, भाकरी आणि रेशनकार्ड. मी ओळीतून कात्री चालवत तिच्याकडे बघत होते. रस्त्यावर गाडी दिसली की ती पुढे व्हायची. दुधाची गाडी. खताची गाडी. पुन्हा मागे. मला आठवतं ते तिचं असं पुढेमागे होणं. मला कळत होतं की या उभं राहण्यात काहीतरी वाईट आहे, पण कुणावर ओरडायचं ते समोर नव्हतं. समोर नसलेल्या माणसावर मला ओरडता येत नाही, तिथंच मी कमी पडते.

दुपारी ती परत आली, लुगडं बदललं आणि कात्री घेतली. चेहऱ्यावर हसू.

"काय गं?" मी विचारलं.

"गाडी नाय आली बाय. म्हणजे काय नसंल. असती गरज तर आली असती की."

मी तिला समजावलं. ती ऐकेना. आयुष्यभर ती गाडी याच अर्थाने वाचत आली होती. आणि खरं सांगायचं तर तिला ते खरं हवं होतं. आठवडाभर ती रोज थोडी थोडी मरत होती, न आलेल्या गाडीने तिची सुटका केली.

मी मॅडमना फोन लावला. "हो हो, लक्षात आहे, पुढच्या फेरीत घेऊ." पुन्हा लावला. "यादीत नाव आहे, काळजी करू नका." नंतर फोन उचलणं बंद झालं. द्राक्षं निघाली, हंगाम संपला, आम्ही पाड्यावर परतलो. मी यमुनाला म्हटलं, आपण दोघी जाऊ नाशकाला. ती म्हणाली, "ज्यांनी बघितलं त्यांना नाय वाटत, तुला का वाटतं?" तिला ज्यांच्यावर विश्वास ठेवायला मीच सांगितलं होतं, ती त्यांच्यावरच विश्वास ठेवत होती.

पुढच्या छाटणीला अण्णांकडेच आलो. यमुना बोलायची कमी झाली होती. नकला बंद. कालव्यावर ती सगळ्यांच्या आधी जाऊन कपडे धुवायची आणि दगडाआड वाळत घालायची, तारेवर नाही. बायकांना हे कळतं. जेवताना तिच्या बाजूची जागा मोकळी राहू लागली. मग वास यायला लागला. ओळीत ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी राहायची, स्वतःहून. ते पाहिलं आणि मला भीती काय असते ते कळलं. याआधी मी फक्त चिडत होते.

मी तिला धरून विचारलं. ती म्हणाली, "पावसापासून अंगावरून जातंय. भगताने दोरा दिला. थांबलं होतं मधी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडली असतीस."

त्याच संध्याकाळी काकूंनी मला ओट्यावर बोलावलं. त्यांच्याही कानावर गेलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "हिरा, राग नको मानू. पण तिला विहिरीवर येऊ देऊ नकोस. पिण्याचं पाणी आहे."

मी म्हटलं, "काकू, तुम्हालाही तोच डाग होता. तुमच्या हातचा चहा मी पीतच होते की."

काकूंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता टोळी उठवतात. माझ्या तोंडाने मी याआधीही बागा घालवल्या आहेत. त्या उठून आत गेल्या. सकाळी त्यांच्या मुलाने गाडी आमच्या खोल्यांपुढे आणून लावली. काकू स्वतः पुढच्या सीटवर बसलेल्या. मागचं दार उघडून यमुनाला म्हणाल्या, "बस. मला माहीत आहे ते कुठे जायचं."

यमुनाने गाडीकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. गाडी आली होती. म्हणजे काम होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून तुकडा काढून पाठवला. निकाल यायला दिवस लागतात, आणि ते दिवस कसे जातात ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, तिच्यासमोर बोला, माझी अट आहे ती. मग ते तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, कॅन्सर आहे. बाजूला पसरलाय, त्यामुळे ऑपरेशन होणार नाही. लाईट द्यावी लागेल." आणि माझ्याकडे वळून, "वर्षापूर्वी आणलं असतं तर कदाचित साध्या ऑपरेशनवर भागलं असतं."

वर्षापूर्वी ती फाट्यावर उभी होती.

लाईट म्हणजे मशिनीतून देतात तो शेक. दिसत नाही, लागत नाही, पण यमुनाला त्याची जी भीती बसली ती कॅन्सरची नव्हती. पहिल्या दिवशी बाहेर येऊन ती माझा हात सोडेना.

"बाय, आत झोपवतात आणि सगळे पळून जातात. जाड दार लावून घेतात. डॉक्टर पण थांबत नाय. चांगलं असतं तर थांबले नसते का?"

"रोज हेच काम असतं त्यांचं, रोजचा शेक लागू नये म्हणून बाहेर जातात."

"औषध मारताना मालक असाच लांब उभा ऱ्हातो."

त्यानंतर रोज मी त्या जाड दाराबाहेर उभी राहून मोठ्याने बोलत राहायचे, बागेतल्या भांडणांचं, मालकांचं, काहीही. आत ऐकू जात नाही हे मला तिथल्या पोरीने सांगितलं होतं. यमुनाला मी ते सांगितलं नाही.

तिची लाईट चालू असतानाच मी संस्थेच्या ऑफिसात गेले. इंदिरानगरात बंगला आहे, दारात जास्वंद. मॅडम दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत एक साहेब. त्यांनी संगणकात पाहिलं.

"आमच्याकडून गाडी गेली होती. लाभार्थी पत्त्यावर आढळली नाही."

"कुठल्या पत्त्यावर?"

"आधारवरच्या. सुरगाणा तालुका."

"तुम्ही तिला तपासलंत कुठे?"

"सायखेड्याच्या बाजूला, बागेत."

"मग गाडी बागेत का नाही आली?"

"पत्ता आधारचाच धरतात, बाई."

"फोन? माझा नंबर दिला होता सगळ्यांनी."

"तेच तर. एवढ्या बायकांना एकच नंबर. सिस्टीम एक नंबर एकदाच घेते. बाकीच्यांचा बाद होतो."

आमच्या टोळीत फोन मुकादमाचाच देतात. बाईचा फोन नवऱ्याकडे, नवरा पाड्यावर, पाड्यावर रेंज नाही. हे त्या मशिनीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्या ऑफिसात काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले एवढं सांगते.

बाहेर आले तर ड्रायव्हर जास्वंदीखाली उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "ताई, मी गेलो होतो. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, सगळी बागेला गेलीत. मी तिथून डोंगरावर चढून ऑफिसला फोन केला. म्हटलं, बाई बागेत आहे, तिकडून घेऊ का? ते म्हणाले, कुलपाचा फोटो काढ आणि ये परत."

"कोण म्हणालं?"

नाव न सांगता त्याने मोबाइल पुढे केला.

त्यात तो फोटो अजून होता. यमुनाच्या घराचं दार, त्याला ते लहान पितळी कुलूप. ते मी ओळखते. बागेला निघताना ती त्यात तेल सोडते, परत येईपर्यंत गंजू नये म्हणून. ती गाडी आमच्या बागेपासून उलट्या दिशेला, घाट चढून, त्या कुलपाला भेटायला गेली, आणि भेट झाली म्हणून फोटो घेऊन आली. त्या वेळी यमुना हळदी लुगडं नेसून दुधाच्या गाडीला हात करत होती.

आता लाईट संपली आहे. डॉक्टर म्हणतात, होळीनंतर पुन्हा तपासू, मग कळेल. यमुना माझ्याबरोबर बागेत आहे. कात्री धरवत नाही, म्हणून ती सगळ्यांचा स्वयंपाक बघते. जेवताना तिच्या बाजूची जागा मी भरते. कुठलीही गाडी वळणावर आली की ती ताटावरून मान वर करते. त्या गाडीत ती आता काय वाचते मला माहीत नाही. मी विचारत नाही.

पंधरवड्यापूर्वी त्याच संस्थेची गाडी बागेत आली. नवी तपासणी. गाडीवरचा बायकांचा फोटो बघून माझी टोळी कात्र्या टाकून ओळींत शिरली. वेलींखाली बसून राहिल्या. बोलावलं तरी कुणी येईना. आणि मला माहीत आहे, त्या वेलींखाली बसलेल्यांत आणखी एखादी यमुना असू शकते. ही भीती मला कामात सुचू देत नाही. तपासणी वाईट नाही, हे मी काकूंकडे बघून शपथेवर सांगेन. पण मी बोलावलं तर त्या येणार नाहीत. एकदाच मी त्यांच्या वतीने हात दिला होता आणि तो वाया गेला.

नव्या मॅडम म्हणाल्या, "हिराबाई, तुम्ही सांगितलं तर येतील."

मी म्हटलं, सांगते. अट आहे.

ती अट इथं जाहीर लिहिते. मागच्या वेळी चार होत्या, आता एकच. ज्या माणसाने फोनवर सांगितलं, कुलपाचा फोटो काढ आणि ये परत, त्याने अण्णांच्या बागेत यावं. माझ्याशी बोलू नये. चुलीपाशी यमुना असते, तिच्यासमोर खाली बसावं, आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं तिला सांगावं की गाडी का आली नाही. कारण काहीही असो, ते तिच्या तोंडावर सांगावं. ते झालं की वेलींखालून बायकांना मी स्वतः बाहेर काढेन.

यातून खाली मी येणार नाही. यमुनाला फार दिवस थांबवू नका. कोण येणार आहे, ते सांगा.